चार कोटींची घासाघीस

माझ्याविषयी आचऱ्यात जे बोललं जातं त्यातलं निम्मं खोटं आहे. दिल्लीच्या साहेबाला मी फोनवर नको नको ते बोललो, हे खोटं. ते कृष्णाबाई बोलली. मी चार कोटी रुपयांना लाथ मारली, हेही खोटं. लाथ मारायला ते आधी समोर यावे लागतात. माझ्या सत्काराचं मानपत्र मी स्वतःच लिहिलं होतं, हे मात्र खरं आहे. पण गावात मानपत्र लिहिता येणारा दुसरा माणूसच नसेल तर मी काय करायचं?

त्याचं असं झालं. हायस्कुलात मराठी शिकवण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. दोन हजार सहा साली तालुक्याला शिक्षकांचं तीन दिवसांचं संगणक प्रशिक्षण झालं. पहिल्या दिवशी संगणक चालू करायला शिकवलं, दुसऱ्या दिवशी वीज गेली, तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली. जाता जाता प्रत्येकाला एकेक ई-मेलचा पत्ता काढून दिला. आता पत्ता असला की पत्र यायला हवं, ही माझी साधी समजूत. म्हणून मी दर शनिवारी तिठ्यावरच्या प्रितेशच्या इंटरनेटच्या दुकानात जायचो, अर्ध्या तासाचे दहा रुपये द्यायचो आणि पेटी उघडून बघायचो. दोन वर्षं पेटी रिकामी. प्रितेश चांगला चाळिशीचा, दोन मुलांचा बाप, पण दर शनिवारी झेरॉक्सला आलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांदेखत मोठ्याने विचारायचा, ‘‘आज पण काय नाय, गुर्जीनू?’’ मी ‘‘नाही,’’ म्हणून चष्मा पुसायचो.

दोन हजार आठच्या मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी पत्र आलं. इंग्रजीत, विलायतेहून. त्यात लिहिलं होतं की जगभरातल्या ई-मेल पत्त्यांची सोडत निघाली आणि माझ्या पत्त्याला पाच लाख पौंडांचं बक्षीस लागलं आहे. तिकीट मी काढलं नव्हतं, ही गोष्ट माझ्याही लक्षात आली. तेवढा मी शहाणा आहे. पण बक्षीस मला लागलंच नव्हतं, पत्त्याला लागलं होतं. आणि तो पत्ता दोन वर्षं उन्हापावसात शनिवार न चुकवता कोणी सांभाळला होता? निष्ठेचं फळ मिळतं असं मी मुलांना सत्तावीस वर्षं शिकवत आलो, ते फळ दारात आल्यावर नाकारायचं म्हणजे स्वतःलाच नापास करण्यासारखं होतं.

प्रितेशने हिशेब करून सांगितलं, सुमारे चार कोटी रुपये. मी त्याला शपथ घातली की कोणाला बोलायचं नाही. प्रितेशने ती पाळली, हे मला इथे नमूद केलं पाहिजे. बातमी फुटली ती देवाकडून.

आमच्याकडे कुठलंही काम काढायचं तर आधी देवळात गाऱ्हाणं घालावं लागतं. होडी पाण्यात लोटायची असो, नाही तर विहिरीवर पंप बसवायचा असो. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर उभं राहून त्याला सगळी हकीकत खड्या आवाजात सांगायची आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून तिला दुजोरा द्यायचा. गाऱ्हाणं घालायचा मान गुरुदासचा. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं की नुसतं ‘एक काम अडलं आहे ते होऊ दे’ एवढंच म्हण, देव अंतर्ज्ञानी आहे. गुरुदासला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं, देव अंतर्ज्ञानी असला तरी त्याच्याकडे रोज शंभर कामं येतात, त्याला आकडा सांगितलाच पाहिजे. आणि तो सोमवार होता, देवळात तीसेक माणसं होती. गुरुदासने हात जोडले आणि आवाज लावला.

‘‘बा देवा म्हाराजा! ह्यो तुजो परब मास्तर आज तुज्या पायाकडे इलो आसा. तेका विलायतेसून पाच लाख पौंड, म्हणजे आपले चार कोटी, लागले आसत. ते वाटेत खंय अडाकले आसतीत तर मोकळे कर. आणि तेच्या हातसून गावाचा चार चांगला काम होवंदे रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ तीस माणसं म्हणाली. शेवटच्या वाक्याला तर देवळातली घंटा हलली.

त्या संध्याकाळपासून आमच्या अंगणात माणसं मावेनात. सत्यवान हा देवळाच्या समितीचा अध्यक्ष. त्याने सभामंडपाच्या फरशीचा नमुनाच सोबत आणला होता. कबड्डी मंडळाला मॅट हवी होती. समोरच्या तुळसाकाकूंनी मला आयुष्यात प्रथमच चहाला बोलावलं आणि पौंड बदलून घेताना फाटकी नोट घेऊ नका, असा सल्ला दिला. एका चाकरमान्याने मुंबईला फ्लॅट घ्या म्हटलं, दुसऱ्याने मुंबईला मुळीच घेऊ नका म्हटलं, आणि दोघे आमच्याच पायरीवर बसून रात्रीच्या जेवणापर्यंत भांडले. सत्यवानने येत्या रविवारी माझा जाहीर सत्कारही ठरवून टाकला. मानपत्राचा प्रश्न तेव्हाच निघाला आणि नाइलाजाने मी पेन उचललं. ‘ज्ञानदानाच्या सागरातील दीपस्तंभ’ ही सुरुवात सहज सुचली. एवढी माझ्याबद्दलची माहिती गावात दुसऱ्या कोणाकडे होतीही कुठे?

विलायतेच्या लोकांना मी सविस्तर उत्तर पाठवलं होतं. त्यावर मंगळवारी दिल्लीहून फोन आला. बोलणारे कस्टमचे साहेब होते. रक्कम विमानतळावर येऊन पोचली आहे, पेटीत आहे, पेटीला सील आहे. ती सोडवण्यासाठी पंचेचाळीस हजार रुपये सरकारी फी एका खात्यात भरायची आहे, शुक्रवारच्या आत, नाही तर पेटी परत जाईल. आमच्याकडे मोबाइल कुठेही वाजायचा, पण बोलण्याइतकी रेंज मिळायची ती फक्त विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावर उभं राहिलं तर. त्यामुळे चार कोटींची ही बोलणी मी ओल्या दगडावर, एक हात माडाला धरून केली. शेजाऱ्यांनी ती आपापल्या कुंपणापाशी उभं राहून ऐकली.

आमच्याकडे पंचेचाळीस हजार होते. किंबहुना अठ्ठेचाळीस होते, आणि ते फक्त तेवढेच होते. माझी बायको आनंदी नऊ वर्षं आमसुलं आणि कुळथाचं पीठ विकून ते साठवत होती. आमच्या वर्षालीला कोल्हापूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि पंधरा जूनला शेहेचाळीस हजार भरायचे होते. ठेव दोघांच्या नावावर होती, सही दोघांची लागणार होती. मी आनंदीला म्हटलं की आठवड्याभरात चार कोटी येतील, मग तू कॉलेजच विकत घे. ती हसली नाही. तिने पदराला हात पुसले, सही केली आणि एवढंच म्हणाली, ‘‘पंधरा जूनाक पोरीची फी भरूची आसा. तां ध्यानात ठेवा म्हणजे झाला.’’

मला ते तेव्हा लागलं. इतका मोठा माणूस होऊ घातलेल्या नवऱ्याशी बोलायची ही रीत नव्हे, असं वाटलं.

ठेव मोडणं मात्र सोपं नव्हतं. बँकेत माझी सही जुळेना. नऊ वर्षांपूर्वी मी ‘परब’मधल्या ‘ब’ला एक झोकदार शेपूट काढत असे, ते पुढे पेपर तपासता तपासता झिजून गेलं होतं. गावातल्या दोन पिढ्यांचं अक्षर ज्याने सुधारलं त्याला काउंटरवर उभं करून कोऱ्या कागदावर बारा वेळा स्वतःचं नाव लिहायला लावलं, आणि माझीच एक जुनी विद्यार्थिनी ते बघून म्हणाली, ‘‘सर, अजून थोडं वळण हवं.’’ मंगळवार असा गेला. बुधवारी शेपूट जमलं तर पावती घरी राहिली. गुरुवारी सकाळी नऊला बँकेच्या हिशेबनीसाने, दत्तप्रसादने, मला आत बोलावलं, दार लोटलं आणि पैसे मोजून दिल्यावर हळूच विचारलं, ‘‘सर, तुमचे किती पौंड?’’

त्यालाही लागलं होतं. सहा लाख. माझ्यापेक्षा एक लाख जास्त, हे ऐकून मला जे वाटलं ते मी लिहीत नाही. त्याने फाइल खर्च म्हणून बारा हजार पाठवलेही होते, साठ हजारांचा दुसरा हप्ता त्याच दिवशी दुपारी पाठवायचा होता. बँकेतला माणूस एवढं करतो म्हटल्यावर माझ्या मनात राहिलीसाहिली शंकाही मिटली. साहेबाने दिलेलं खातं दुसऱ्याच बँकेचं होतं आणि तिची शाखा मालवणला. अकराची एसटी होती. तोवर मी कापडी पिशवीत पैसे घेऊन घरी आलो.

साडेदहाला कृष्णाबाई आली. ती गेली वीस वर्षं डोकीवर मासळीची पाटी घेऊन आमच्या दारात येते, आणि वीस वर्षं तिचं आणि आनंदीचं दारात युद्ध होतं. त्या दिवशी पाटीत सुरमई होती. कृष्णाबाईने चारशे सांगितले, आनंदी अडीचशेवर उभी राहिली, आणि नेहमीप्रमाणे दोघीही निवांत होत्या. तेवढ्यात माझा फोन वाजला. मी धावत धुण्याच्या दगडावर चढलो. दिल्लीचे साहेब विचारत होते, पैसे भरले का? मी म्हटलं, निघालोच आहे, पंचेचाळीसच्या पंचेचाळीस भरतो.

कृष्णाबाईने सुरमई खाली ठेवली. ‘‘गुर्जीनू, कसले पंचेचाळीस?’’

मी फोनवर हात ठेवून सांगितलं, सरकारी फी. पेटी सोडवायची.

‘‘मगे त्या चार कोटीतसूनच कापून घी म्हणा. मी कापणावळ माशाच्या पैशातच घेतंय, येगळी मागतंय काय?’’

मला ते अडाणीपणाचं वाटलं, पण विचारून पाहिलं. साहेब म्हणाले, नियमात बसत नाही. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘बरा, मगे भाव कमी करूक सांगा.’’

मी तिला समजावलं की सरकारी फी ही काही पाटीतल्या बांगड्यांचा वाटा नव्हे, तिची घासाघीस होत नाही. कृष्णाबाईला हे पटण्यासारखं नव्हतं. पहिला भाव ऐकून पैसे देणारा माणूस तिच्या डोळ्यांसमोर उभा आहे आणि ती गप्प बसली, असं वीस वर्षांत झालं नव्हतं. ती दगडावर चढली. खवल्यांनी चकाकणारा हात पुढे आला आणि माझा फोन गेला. मी मात्र दगडावरून घसरलो आणि धुण्याच्या बादलीत बसलो. पुढचं सगळं मी तिथूनच ऐकलं.

‘‘ओ सायबानू,’’ तिने तिच्या हिंदीत सुरुवात केली, ‘‘पंचेचाळीस हजार क्या? गुरुजी को बघ के भाव लगाया क्या? पाचशे देती मैं.’’

साहेबांनी तिला दरडावलं असावं, कारण तिचा आवाज चढला. तिने त्यांना विचारलं की पेटी तुमच्या बापाची आहे काय, ठेवायला जागा किती लागते, आणि एवढी फी घेता तर पेटी घरपोच का देत नाही. ती काय काय बोलली ते माझ्या पेशाला धरून मला इथे लिहिता येत नाही. आनंदी माझ्याकडे बघत नव्हती. ती कृष्णाबाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती. वीस वर्षांत त्या दोघी प्रथमच एका बाजूला होत्या.

‘‘चाळीस म्हणता,’’ कृष्णाबाईने आम्हाला सांगितलं.

मी बादलीतूनच म्हटलं, बघा, झाले पाच हजार कमी. मला खरोखर आनंद झाला होता. कृष्णाबाईने माझ्याकडे दुर्लक्ष केलं, ‘‘नको तर नको, मी चललंय,’’ असं फोनमध्ये म्हणाली आणि फोन बंद करून सुरमईशेजारी पाटीत टाकला.

मी किंचाळलोच. चार कोटींच्या तोंडावर हिने फोन बंद केला होता. ती शांतपणे पान खायला बसली. ‘‘उलाट हाक मारता काय बगूया,’’ आनंदी म्हणाली. मासळीचा भाव अडला की तीही नेहमी अशीच पाठ फिरवून घरात जायची.

मिनिटभरात पाटीतली सुरमई वाजू लागली.

कृष्णाबाईने फोन उचलला. पंचवीस. तिने पुन्हा पाचशे म्हटलं. पंधरा. तिने सांगितलं की घरात मयत झालं आहे, पैसे नाहीत. दहा. तिने फोन बंद केला. फोन परत वाजला. पाच हजार, आणि आज संध्याकाळपर्यंत चालेल. कुंपणापाशी आता तुळसाकाकूंसह पंधरा माणसं जमली होती, आणि दर उतारावर ती एकमेकांना आकडा सांगत होती. शेवटी दिल्लीचे कस्टम साहेब पंधराशेवर आले आणि म्हणाले, मावशी, आता तरी भरा.

कृष्णाबाई हसली नाही. तिने फोन माझ्या हातात दिला आणि माझ्यासमोर उकिडवी बसली.

‘‘गुर्जीनू, आयका. ही सुरमई मी चारशे सांगितलंय. तीनशे चाळीसाक देयन. अडीचशाक मेलंय तरी देवचंय नाय, कित्याक ती माकाच तीनशाक पडली हा. खऱ्या मालाक खालचो भाव आसता. पंचेचाळीस हजारावरसून पंधराशेर येता, तेचो मासो कुसको आसा, वास येता तेका.’’

मी बादलीत बसून राहिलो. पाण्याने धोतर भिजलं होतं, पैशांची पिशवी छातीशी होती. मी इतकी वर्षं सरकारी नोकरीत आहे. माझा पगाराच्या फरकाचा अर्ज सहा वर्षं पडून आहे. एकाही साहेबाने मला कधी आपणहून फोन केलेला नाही, आणि फोन बंद केल्यावर परत तर नाहीच नाही. हे कळायला मला कृष्णाबाई लागली. मला रडू आलं, ते खोटं बोलून लपवत नाही. पिशवी मी आनंदीच्या हातात दिली. तिने ती घेतली, आणि माझा दुसरा हात धरून मला बादलीतून वर ओढलं.

फोनमधून साहेब अजून ‘हॅलो, हॅलो’ करत होते. कृष्णाबाईने तो पुन्हा घेतला आणि मग जे ती बोलली तेच गावात माझ्या नावावर खपतं.

एकाएकी मला दत्तप्रसाद आठवला. दुपारी साठ हजार. मी ओल्या धोतरानिशी सायकल काढली, मागे पाटीसकट कृष्णाबाई. भर दुपारी मासळीची पाटी घेऊन आम्ही बँकेत शिरलो तेव्हा शिपायाने अडवलं, पण वासामुळे फार जवळ आला नाही. दत्तप्रसादसमोर भरलेली स्लिप होती. आधी तो ऐकेना. मी पदवीधर, मी बँकेत, असं म्हणू लागला. मी त्याला म्हटलं, फार काही करू नकोस, फक्त भाव कर. त्याने फोन लावला आणि अत्यंत सभ्यपणे विचारलं, ‘‘सर, काही सवलत मिळू शकेल का?’’ कृष्णाबाईने कपाळावर हात मारला. पण त्या सभ्यपणालाही साठाचे चाळीस झाले, आणि मग त्याचा चेहरा उतरत गेला तसतसा आकडाही उतरला. सात हजारांवर त्याने फोन ठेवला आणि स्लिपचे चार तुकडे केले.

पोलिसांकडेही आम्ही गेलो. हवालदारांनी माझी तक्रार घ्यायला पेन उचललं आणि विचारलं, किती गेले? मी म्हटलं, काही नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. काही गेलेलंच नाही तर लिहू काय, हा त्यांचा सवाल रास्त होता. दत्तप्रसादच्या बारा हजारांची तक्रार मात्र लिहून घेतली. ते पैसे काही परत आले नाहीत, पण साठ वाचले.

राहिला रविवारचा सत्कार. मंडप घातलेला, लाऊडस्पीकर सांगितलेला, मालवणहून शाल आणलेली. सत्यवान तोंड पाडून आला आणि म्हणाला, आता काय करायचं? मी म्हटलं, सत्कार होणार. मानपत्र घेतलं, माझं नाव खोडलं आणि कृष्णाबाईचं घातलं. गंमत अशी की फारसं काही बदलावं लागलं नाही. ‘ज्ञानदानाच्या सागरातील दीपस्तंभ’ तर तसाच ठेवला. सागर तिचाच होता. मी ते व्यासपीठावरून स्वतः वाचलं, आणि शेवटी मी बादलीत बसलो होतो हेही सांगून टाकलं, कारण ते सगळ्यांना माहीतच होतं. लोक इतके हसले की मलाही हसू आलं. त्या हसणाऱ्यांतले तीन जण नंतर माझ्यापाशी येऊन कुजबुजले. त्यांच्याकडेही फोन आले होते, एकाला मोटार लागली होती. मी तिघांनाही एकच सल्ला दिला, भाव करा.

सत्यवानने कृष्णाबाईच्या खांद्यावर शाल घातली. तिने शालीचं टोक अंगठ्याने चोळून पाहिलं, जसा ती माशाचा कल्ला उघडून बघते, आणि लाऊडस्पीकर चालू असताना विचारलं, ‘‘केवड्याक हाडलंस?’’ सत्यवान म्हणाला, साडेतीनशे. ‘‘दोनशाच्या वर दिडकी नाय. बदलून हाड.’’ दुसऱ्या दिवशी सत्यवान मालवणला जाऊन शंभर रुपये परत घेऊन आला.

बारा जूनला मी आणि वर्षाली कोल्हापूरला गेलो. कॉलेजच्या खिडकीवर मोठी रांग होती. आमचा नंबर आला. कारकुनाने न बघता सांगितलं, शेहेचाळीस हजार. पिशवीत हात घातला आणि माझा हात थांबला. नऊ वर्षांची आमसुलं होती ती. मी चष्मा पुसला आणि म्हटलं, ‘‘चाळीस करा.’’

वर्षालीने ओढणीने तोंड झाकलं. मागची रांग हसली. कारकुनाने मान वर केली आणि माझ्या पांढऱ्या केसांची जराही भीड न धरता सगळ्यांदेखत मला झापलं. हा काय मासळी बाजार आहे का, कॉलेज आहे, शिकलेले दिसता, लाज वाटत नाही? मी म्हटलं, पंचेचाळीस? तो म्हणाला, एक रुपया कमी होणार नाही, भरायचे तर भरा नाही तर बाजूला व्हा. मी पाठ फिरवून चार पावलं चालून गेलो. त्याने हाक मारली नाही. ‘‘नेक्स्ट,’’ म्हणाला.

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत कोणी माझा एवढा अपमान केला नव्हता, आणि कुठल्याही अपमानाने मला इतकं बरं वाटलं नव्हतं. मी परत फिरलो, रांगेतल्यांची माफी मागून पुढे घुसलो आणि शेहेचाळीस हजार मोजून दिले. शिक्का मारलेली पावती मी वर्षालीच्या हातात ठेवली. मी मुलांशी आणि घरातही नेहमी शुद्ध बोलतो, हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण त्या दिवशी तोंडातून वेगळंच आलं.

‘‘घे गो बाये,’’ मी म्हटलं, ‘‘मासो ताजो आसा.’’